धाकट्या जावेची नजर

धाकटी घरात यायच्या आधीपासूनच मला तिचा हेवा वाटायला लागला होता. दीर मुदखेडला मुलगी बघून आले त्या दिवशी सासूबाई ओट्यावर बसून शेजारणीला सांगत होत्या, "थोरली बीशीएस हाय, धाकटी एमशीए येऊन राहिली. आता आमच्या घरात दोन-दोन कंप्युटरवाल्या!" मी आत कणीक मळत होते. एमसीए माझ्या डिग्रीच्या वरची, हे सासूबाईंना माहीत नसणार, पण मला होतं. आणि 'दोन-दोन' हा शब्द त्याहून जास्त टोचला. तोवर मी एकटीच होते.

आमचं घर लातूरचं, सासऱ्यांची मार्केट यार्डात अडत. अशा घरात सुनेनं कॉम्प्युटरवर काम करणं म्हणजे सुरुवातीला सगळ्यांना नवलच होतं. नांदेडला एक छोटा स्टुडिओ होता, शाळेच्या पोरांसाठी हलत्या चित्रांचे धडे बनवायचा. पचनसंस्था, ग्रहणं, अपूर्णांक, बी रुजणं. मी घरी बसून त्यांचं काम करायची. फ्लॅश नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र काढायचं आणि ॲक्शनस्क्रिप्ट नावाच्या भाषेत त्याला सांगायचं, तू कधी हल, कधी थांब, बटण दाबलं की कुठं जा. सासऱ्यांनी त्यासाठी मधली खोली रिकामी करून दिली होती. सोयाबीनची पोती तिथून हलली आणि माझं टेबल आलं, याचं मला फार अप्रूप होतं.

आणि माझी एक ख्यातीही होती. स्टुडिओतल्या मुली अडकल्या की तिथले सर म्हणत, "लातूरला फोन लावा." मग मी फोनवर विचारत जायची. चित्राला नाव दिलंय का? चित्रं साठवायच्या पेटीतलं नाव वेगळं आणि पडद्यावर ठेवल्यावर द्यायचं नाव वेगळं, हे नव्या मुलींना कळायचंच नाही. नाव दिलंय, तर मोठं अक्षर कुठं आहे बघ. त्या भाषेला मोठं आणि लहान अक्षर म्हणजे दोन वेगळी माणसं. धडा सारखा पहिल्यापासून फिरतोय? मग शेवटच्या फ्रेमवर 'थांब' सांगायचं राहिलं असेल. काहीही उत्तर दिलं तरी बरोबरच येतंय? मग तपासायच्या जागी दोनऐवजी एकच बरोबरचं चिन्ह टाकलंय. बहुतेक वेळा एवढ्यात काम व्हायचं. पलीकडून "हाव मॅडम, चाललं, चाललं!" असं ऐकू यायचं, तेव्हा मला जे वाटायचं ते घरात दुसऱ्या कशानं वाटत नव्हतं.

धाकटी आली ती हसतच. उंच, सावळी, केस कसेतरी गुंडाळलेले. पहिल्याच दिवशी मला "अक्का" म्हणाली आणि माझ्या खोलीच्या दारात उभी राहून विचारलं, "मी बघू का तुम्ही काय करता ते?"

नको कसं म्हणायचं? तिला स्टूल दिलं. ॲक्शनस्क्रिप्ट तिनं कधी पाहिलेली नव्हती, पण बाकीच्या चार भाषा येत होत्या. मी शिकवायला लागले. आपण शिकवलेलं समोरच्याला लगेच कळलं तर आनंद व्हायला पाहिजे. मला व्हायचा नाही. मला जे समजायला एक अख्खा उन्हाळा गेला होता, ते ती भेंडी चिरता चिरता समजून घ्यायची. "म्हणजे हे असं आहे होय," म्हणायची, आणि खरंच ते तसंच असायचं.

मग तो सकाळचा प्रसंग. नळाला पाणी आलं होतं. आमच्याकडे पाणी आलं की सगळं घर त्याच कामाला लागतं, पण मला दुपारपर्यंत धडा पाठवायचा होता म्हणून सासूबाईंनी मला सूट दिली होती. धडा फुलाच्या भागांचा होता. पाकळीवर टिचकी मारली की पाकळी उघडायची आणि शेवटी 'प्रश्न सोडवा' असं बटण यायचं. ते बटण काही केल्या चालत नव्हतं. खाली लाल अक्षरात एक हजार नऊ नंबरची चूक. तिचा अर्थ एवढाच, की ज्या वस्तूला तुम्ही काम सांगताय ती वस्तूच इथं नाही. पण बटण तर माझ्या डोळ्यांसमोर होतं! नाव दिलेलं, स्पेलिंग बरोबर, अक्षर लहान ते लहान. मी ते नाव पुसून पुन्हा लिहिलं. बटण पुसून पुन्हा काढलं. फाइल बंद करून पुन्हा उघडली. चहा गार झाला.

धाकटी कळशी कमरेवर घेऊन जाता जाता दारात थांबली. सासूबाई तिच्या मागंच होत्या.

"काय झालं, अक्का?"

"बटण आहे, नाव आहे, तरी नाही म्हणतंय."

तिनं कळशी खाली ठेवली, ओला हात पदराला पुसला आणि वर सगळ्या फ्रेम ओळीनं दिसतात त्या पट्टीवर बोट ठेवलं. "तुमचा कोड पहिल्या फ्रेमवर आहे ना? आणि बटण येतंय पार इकडं, शेवटी. तुम्ही त्याला जन्मायच्या आधीच हाक मारून राहिलात. ओ कोण देणार?"

मी कोड उचलून शेवटच्या फ्रेमवर नेला. चाललं.

सासूबाईंना फ्रेम कळत नव्हती, पण ते वाक्य कळलं. त्या दारातच हसायला लागल्या. "जन्मायच्या आधीच हाक! लई भारी बोलली गं!" त्यानंतर आठवडाभर ते वाक्य घरात फिरत राहिलं. सासरे जेवायला उशिरा आले की, दूधवाला आला नाही की, नणंदेचा फोन आला की. फोनवर तर सासूबाईंनी सगळी हकीकत सांगितली आणि शेवटी म्हणाल्या, "थोरलीला सकाळधरनं सापडत नव्हतं." मी शेजारी बसून लसूण सोलत होते.

चूक दाखवली याचं मला तेवढं काही वाटलं नाही. चूक कुणीही दाखवू शकतं. ते वाक्य मला सुचायला पाहिजे होतं, हे सलत होतं. मी किती मुलींना तीच चूक समजावली असेल, पण "ऑब्जेक्ट अजून तयार झालेला नसतो" असल्या शब्दांत. ते कुणी नणंदेला फोनवर सांगितलं नसतं.

पुढं तिनंही स्टुडिओचं काम घेतलं. त्याच खोलीत दुसरं टेबल आलं. फोन आला की सुरुवातीला सर मला विचारायचे, मग "दोघींपैकी कुणीही चालेल" म्हणायला लागले, आणि एक दिवस अगदी सहज म्हणाले, "जरा धाकट्या मॅडमना देता का?" मी फोन दिला. ती मांडी घालून खुर्चीत बसली आणि पलीकडच्या मुलीशी गप्पा मारत मारत चूक काढली. तिच्या बोलण्यात दरडावणं नव्हतं, घाई नव्हती. मुली तिच्याशी बोलताना हसायच्या. माझ्याशी बोलताना "हाव मॅडम, हाव मॅडम" एवढंच करायच्या, हे माझ्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं.

त्या दिवसांत सकाळी इष्टलिंगाची पूजा करतानासुद्धा तिचं काहीतरी चुकावं असं मनात यायचं. हातात इष्टलिंग आणि डोक्यात जाऊ. मग स्वतःचाच राग यायचा, आणि तो रागही शेवटी तिच्यावरच जायचा.

आणि तिचं चुकलं.

नांदेडला शिक्षकांसाठी कार्यक्रम होता. भोकर, मुदखेड, हदगाव, कुठकुठल्या शाळांचे मास्तर आणि बाई आल्या होत्या. स्टुडिओनं नवे धडे दाखवायचे होते आणि सरांनी आम्हा दोघींना बोलावलं होतं. चाकूर, अहमदपूर, लोहा करत एसटीनं गेलो. रस्ताभर ती खिडकीशी बसून शेंगा खात होती. मी मनात आमचे धडे एकेक करून तपासत होते.

तिचा धडा हृदयाचा होता. चित्र माझं होतं, कोड तिचा. हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर हृदय धडधडायला लागलं, निळं रक्त आत आलं, लाल बाहेर गेलं, आणि सगळ्यांनी खरोखर "अरे वा" केलं. मागच्या एका गुरुजींनी सांगितलं, "पुन्हा दाखवा." तिनं 'पुन्हा' बटण दाबलं. हृदय जरा जोरात चाललं. एका बाईंना नीट दिसलं नव्हतं, त्यांनी परत मागितलं. अजून जोरात. चौथ्यांदा तर हृदय असं फडफडायला लागलं की भोकरचे एक मास्तर उठून म्हणाले, "मॅडम, पेशंटला दवाखान्यात न्या!" अख्खा हॉल हसला. सरांचा चेहरा उतरला.

मला कारण तेव्हाच कळलं होतं. फार पूर्वी माझ्या एका धड्यातल्या पवनचक्कीनं मला तसंच रडवलं होतं. बटण दाबलं की धाकटीचा कोड 'ठोका दे' म्हणणारा एक नवा हुकूम सोडत होता, पण आधीचा मागं घेत नव्हता. चारदा बटण दाबलं, तर चार हुकूम एकाच वेळी त्या हृदयाच्या मागं लागले होते. नवा सोडायच्या आधी जुना काढायचा, एवढी एक ओळ हवी होती.

धाकटीनं पडद्याकडं पाहिलं, मग माइकवरूनच विचारलं, "अक्का, हे काय होऊन राहिलं हो?"

मी उठून पुढं गेले. लॅपटॉपपाशी बसले, ती ओळ लिहिली, धडा पुन्हा चालू केला. बटण दाबलं, परत दाबलं, सारखं दाबत राहिले. हृदय एकाच लयीत चालत होतं. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या माझ्या होत्या, मला स्पष्ट ऐकू येत होत्या, आणि मी मान खाली घालून त्या ऐकत होते.

मग तिनं माइक हातात घेतला. "चूक माझी होती," ती हसत म्हणाली. "आमच्या अक्कांनी धरली. तुमच्या शाळेतल्या पोरांना कोडिंग शिकवायचं असलं तर ही चूक मुद्दाम करून दाखवा, पोरं जन्मात विसरणार नाहीत. आता बघा, मी ती ओळ काढते." आणि तिनं खरंच माझी ओळ काढली, पुन्हा हृदय पळवलं, हॉल पुन्हा हसवला, आणि मग ओळ परत टाकली. मास्तर खुर्च्या पुढं ओढून बघायला लागले. कार्यक्रम संपल्यावर तिच्याभोवती घोळका होता. मी कोपऱ्यात सुशीला नावाच्या फोडणीच्या चुरमुऱ्यांची प्लेट घेऊन उभी होते. एक बाई माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या जाऊबाई किती छान सांगतात हो!"

येताना एसटीत ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. तिचं चुकावं असं मला वाटत होतं, आणि तिला चुकणंही माझ्यापेक्षा चांगलं जमलं होतं. मी चुकले की दार लोटून घ्यायची, कपाळाला आठी घालायची, चहा गार करायची. तिनं चूक सगळ्यांच्या मध्ये ठेवली आणि म्हणाली, या, बघा. तिच्या हुशारीचा हेवा मला पचून गेला असता कदाचित. हा नवा हेवा कुठं ठेवायचा हे कळत नव्हतं.

घरी पोचल्यावर सासूबाईंनी विचारलं, कसं झालं. तिनंच सांगितलं, सगळं, माझं कौतुक करून. सासूबाई ऐकून घेऊन म्हणाल्या, "बघ, किती मोठ्या मनाची हाय." मोठ्या मनाची कोण, हे त्यांनी सांगितलं नाही, पण हात धाकटीच्या डोक्यावर होता.

पुढं फ्लॅशच बंद झालं. आम्ही वर्षानुवर्षं केलेले धडे ब्राउझरमध्ये उघडेनात. फूल, हृदय, पवनचक्की, सगळ्यांच्या जागी एक करडा चौकोन. मी त्या दिवशी जेवले नाही. धाकटी मात्र जावास्क्रिप्ट शिकून मोकळी झाली होती. दिरांची बदली नांदेडला झाल्यावर ती स्टुडिओतच नोकरीला लागली; आता ती तिथली प्रमुख आहे. मला नवी भाषा यायला वेळ लागला, पण आली. मी लातूरलाच क्लास घेते. मुलं कोड घेऊन येतात, मी जुन्याच सवयीनं विचारते, अक्षर मोठं का लहान, नाव दिलंय का. चूक सापडते. मुलं खूश होऊन जातात. काही मुलं पुढं तिच्याकडं नोकरीला लागतात आणि मला फोन करून सांगतात की नांदेडच्या मॅडम फार भारी आहेत.

परवा श्रावणात ती आली होती. सासूबाई झोपल्या होत्या, आम्ही दोघी स्वयंपाकघरात शेंगापोळ्या लाटत होतो. इतक्या वर्षांत मी जे कधी विचारलं नव्हतं ते कसं कोण जाणे तोंडातून निघालं. "तुला कधी माझा हेवा वाटला का गं?"

तिनं लाटणं थांबवलं आणि खरंच विचार केला. मला वाटलं, आता ती माझ्या चित्रांचं काहीतरी बोलेल.

"नाही हो, अक्का," ती म्हणाली. "कशाचा?"

तिच्या चेहऱ्यावर कसलाही टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"काही नाही, असंच," मी म्हणाले, आणि तव्यावरची पोळी उलटली.