कुंदाचा धवला

शेवटची भेटले तेव्हा कुंदा कॉटवर उशीला टेकून बसली होती आणि मी तिच्या तोंडापुढे मोबाईल धरला होता. उरणजवळच्या गावातलं तिच्या भावाचं घर. खिडकीतून पूर्वी मिठागरं दिसायची, आता कंटेनरच्या रांगा दिसतात. माझ्या मुलीचं, सायलीचं, लग्न ठरलं ते सांगायला मी गेले होते. वैशाखात आहे. डॉक्टर काय म्हणाले ते मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं, म्हणून आडवळणं न घेता म्हटलं, "एक धवला गा. रेकॉर्ड करून ठेवते, सायलीच्या हळदीला लावीन." तिने मोबाईलकडे बघितलं, मग माझ्याकडे. "लगीन कुठं हाय इथं?" म्हटलं, "कुंदा, अगं आता तरी..." तर म्हणाली, "लगीन नाय त धवला नाय," आणि मलाच उशी नीट करायला लावली. मला इतका राग आला की चहा न घेता उठले. दारात पोचले तेव्हा मागून आवाज आला, "तूच गा गो. येतंय तुना." मी वळले नाही. पुढच्या आठवड्यात तिच्या भावाचा फोन आला.

ज्यांनी आगरी लग्न बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्यात हळदीपासून धवलारीण बसते. दिवा, तांदूळ पुढे घेऊन ती धवले गाते, आणि गाऊन लग्नाला आमंत्रणं करते. गावच्या देवांना, समुद्राला, घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. कुंदाची आत्या आमच्या भागातली मोठी धवलारीण. तिचा नियम होता की लग्न असेल तरच तोंडातून धवला निघायचा. एरवी नाही, हौसेला नाही, शिकवायलाही नाही. "आवतान द्यायचं नि घराला कुलूप, आलेल्यांनी जायचं कुठं?" असं तिचं म्हणणं. मग शिकायचं कसं? तर लग्नात आत्याच्या शेजारी बसायचं आणि नुसते ओठ हलवायचे. घरी सरावालाही तेच. आवाज गिळून.

हे मला कळलं लाँचमध्ये. आम्ही दोघी मुंबईच्या सरकारी कला महाविद्यालयात, ती नाट्य विभागात, मी चित्रकलेत. उरणच्या मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्यापर्यंत लाँचने जायचो, ओहोटी असली की गाळातून धडपडत. माझ्याकडे ड्रॉइंग बोर्ड, तिच्याकडे डबा. पहिल्या वर्षी ही मुलगी पाण्याकडे बघत ओठ हलवते म्हणून मला वाटलं, देवभोळी आहे, लाँच बुडू नये म्हणून जप करते. विचारलं तेव्हा आधी पोट धरून हसली, मग सांगितलं. तिची स्केचेस काढायला मला आवडायचं, पण तोंड काही जमायचं नाही, स्वस्थ नसायचंच ना ते. ते जमावं म्हणून मी तिच्या ओठांकडे बघत राहायचे, बघता बघता माझेही हलायला लागले. कुठला शब्द कुठे येतो ते ती कानात सांगायची, साधं बोलल्यासारखं. चाल मात्र मी लग्नांतच ऐकली, तिच्या मागे बसून. नाटकाची मुलगी आणि चित्राची मुलगी, दोघी तोंडं हलवत मुंबईला. खलाशी आम्हाला मुक्या समजायचा.

शेवटच्या वर्षी तिच्या प्रात्यक्षिकाला आपल्या भागातला एक पारंपरिक प्रकार एकटीने सादर करायचा होता. प्रवेशाच्या मुलाखतीतच तिने आत्याचं सांगून ठेवलेलं, त्यामुळे सर पहिल्या दिवसापासून धवल्याची वाट बघत होते. ही म्हणाली, नाय. सर म्हणाले, "कलेला मुहूर्त नसतो." कुंदा म्हणाली, "कलेला नसंल सर, धवल्याला हाय." मग सर चिडले. शून्य देईन, म्हणाले, आणि ते देणारे होते. वर्ष वाया गेलं असतं तर तिच्या वडिलांनी पुन्हा पाठवलं नसतं, हे आम्हाला दोघींनाही पक्कं ठाऊक होतं. लाँचमध्ये मी रडले, ती शेंगा खात बसली. आणि धक्का यायच्या आत म्हणाली, "तुजं लगीन कधी हाय गो?" माझं लग्न परीक्षेच्याच दिवसांत होतं. दुसऱ्या दिवशी ती सरांपुढे उभी. "सर, सुनंदाच्या लग्नात मी गाणार हाय. मार्क द्यायचे त तिथं या." "परीक्षा मांडवात?" "मंग काय मांडव परीक्षेत आनू?"

आणि सर आले. दुसऱ्या एका परीक्षकांना घेऊन, भर ओहोटीला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, चपला हातात घेऊन मांडवात शिरले. आमच्या काकूंनी त्यांना मुलाकडचे समजून हळद लावली. आत्याने त्या दिवशी पहिल्यांदा कुंदाला पुढे बसवलं. तिचा आवाज मोठा नव्हता, पण मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत जायचा. गेलेल्यांची ओळ आली. माझे बाबा आदल्या वर्षी गेले होते. कुंदाने त्यांना नाव घेऊन बोलावलं, लेक हळदीला बसली आहे, दारातून आत या म्हणून. बाबा गेले तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, सगळे म्हणायचे दगड आहे. ती त्या ओळीला जी रडायला लागली ती थांबेना. मीही. मला खरंच वाटलं, बाबा आले आहेत आणि चपला काढताहेत... सरांनी मार्कांचा कागद घडी करून खिशात घातला. कुंदा पास झाली. किती मार्क पडले ते तिने शेवटपर्यंत विचारलं नाही.

पुढे ती शाळेत नाटक शिकवायची आणि लग्नसराईत धवले गायची. स्वतः लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, माझ्या लग्नात धवला कोन गाईल, मीच? संशोधनवाले आले, टीव्हीवाले आले, सगळ्यांना चहा पाजून परत पाठवलं. लग्नात कोणी मोबाईल पुढे केला तर गाणं थांबवायची. एकदा आवाज त्या डबीत गेला की कोणी कुठंही, कधीही वाजवणार, हे तिला चालायचं नाही. हट्टी होती. मला अजून राग येतो, आणि आता तो काढायला ती नाही.

परवा माझ्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आठवली, मागे कधीतरी सीडी करून घेतलेली. एवढा एकच शूटिंगवाला तिच्या हातून सुटला होता. दुपारी एकटी होते, लावली. कुंदा दिसली, पिवळी साडी, पुढे दिवा. आणि शूटिंगवाल्याने त्याच्यावर सिनेमातली गाणी टाकून ठेवलीत. सगळीकडे. कुंदा गाते आहे आणि वर ढोलक-सनई. मी आधी हसले. मग टीव्हीचा आवाज बंद केला. नुसते ओठ राहिले, लाँचमधल्यासारखे.

आता रोज दुपारी लावते. तिच्याबरोबर ओठ हलवते. सगळं येतंय मला, ती खोटं बोलली नव्हती. गेलेल्यांच्या ओळीत आई-बाबांची नावं घेते, सासऱ्यांचं घेते, आत्याचं घेते. त्यांच्या पुढे कुंदाचं. हळदीला ये, आत ये, सायली बसली आहे. मात्र आवाज काढत नाही अजून. लग्न वैशाखात आहे.