कच्चेरीत द्यायचा कागद

कला हा यज्ञ आहे आणि त्यात कलावंताला सर्वस्वाची आहुती द्यावी लागते. मद्रासमध्ये काढलेल्या चौदा वर्षांत हे वाक्य मी अनेक व्यासपीठांवरून ऐकले, आणि ते म्हणणाऱ्याच्या खांद्यावर दर वेळी जरीची शाल होती. माझ्या डोळ्यांदेखत जिने खरोखर काही सोडले, तिला मी एकदा विचारले, की आहुती देताना कसे वाटले.

"आहुती कसली, सार," ती म्हणाली. "नऊची बस सोडली."

ऐंशीच्या सुमारास केंद्र सरकारच्या एका खात्यात माझी पुण्याहून बदली झाली आणि वेस्ट मांबलमला एका घराचा वरचा मजला आम्हा नवराबायकोला भाड्याने मिळाला. खाली घरमालक राहत. तंजावरकडचे मराठी, आमच्याच खात्यातून निवृत्त झालेले हेडक्लार्क. पत्नी वारलेली. घरात ते आणि तिशी ओलांडलेली मुलगी. मुलगीही आमच्याच खात्यात आहे, पण दुसऱ्या विभागात, एवढे त्यांनी पहिल्या दिवशी अभिमानाने सांगितले. त्यांचे मराठी तीनशे वर्षांपूर्वी पेटीत घालून ठेवल्यासारखे होते आणि त्याचा सूर तमिळ होता. आमचे मराठी प्रमाण आहे असे मला वाटे. आमचे बिघडलेले आहे असे त्यांना वाटे.

पहिल्याच रविवारी दुपारी चारला मी भाडे द्यायला खाली गेलो आणि मुलीची चौकशी केली.

"कच्चेरीस गेली," ते म्हणाले.

मी ओशाळलो. ज्या खात्यात मी सोमवारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत टाकाला हात लावत नसे, तिथे ही बाई रविवारी जात होती. पुढच्या शनिवारी संध्याकाळी ती पुन्हा कच्चेरीस गेली. मी बायकोला म्हणालो, दक्षिणेतली माणसे पुढे का जातात ते बघ. तिसऱ्या आठवड्यात ती गर्द जांभळी रेशमी साडी नेसून, केसांत मोगरा माळून फाटकाबाहेर पडताना दिसली. बायको म्हणाली, "तुमच्या खात्यात रविवारी एवढं काय असतं?"

मी घरमालकांनाच विचारले.

"अहो, कच्चेरी म्हणजे गाणेबजावणे. इकडे तसेच म्हणतात. ती बासरी वाजविते. पहाटे ऐकू येत नाही?"

ऐकू येत होती. मी ती शेजारच्यांचा रेडिओ समजत होतो.

"आणि आपली सरकारी कचेरी?"

"तीही कच्चेरीच," ते म्हणाले. "पण त्या कच्चेरीस ती सध्या जात नाही."

तिने वर्षभराची बिनपगारी रजा घेतली होती. वर्ष संपले की रुजू व्हायचे, नाहीतर नोकरी सोडायची. वडिलांच्या लेखी हा आजार होता आणि रजा हा त्यावरचा इलाज. त्या घरात तीन पिढ्या सरकारी नोकरी होती. चौथी पिढी बांबूच्या नळीत फुंकर घालून जगेल, हे त्यांना पटण्यासारखे नव्हते. तिच्या एकाही कार्यक्रमाला ते गेले नव्हते.

त्या वर्षी मी तिला जवळून पाहिले, आणि एरवी कोणाचे कौतुक करताना माझी जीभ जड होते, पण इथे इलाज नाही. नोकरी सुटली की माणूस आधी उशिरा उठू लागतो. ही पहाटे पाचला बसे, सातला उठे, आणि पुन्हा दहा ते एक बसे. दहाला पाच मिनिटे उशीर झाला तर स्वतःशीच पुटपुटे. मी म्हणालो, आता साहेब नाही, कशाला घाबरता? "साहेब आहे की," ती म्हणाली. "मीच. फार खाष्ट आहे." दोन दिवस ती अड्यारला मुलांना शिकवायला जाई. नृत्याच्या कार्यक्रमांना साथ करी. लग्नाच्या स्वागतसमारंभांतही वाजवी, आणि इतर कलावंत ज्या कामाबद्दल नाक मुरडत ते ती आनंदाने घेई. "तिथे कोणीच ऐकत नाही, सार. चुकायला याच्याहून चांगली जागा नाही." नवा राग ती आधी भाताच्या पंगतीसमोर वाजवून बघे.

तिच्या बासऱ्यांची पिशवी वडिलांच्या जुन्या ऑफिसच्या पँटचा एक पाय कापून शिवलेली होती. लांबीला अगदी बरोबर होती. दुसऱ्या पायाचे काय केले हे मी विचारले नाही.

सभांच्या, म्हणजे इकडच्या गायनसंस्थांच्या, चिटणिसांच्या निरोपाची वाट पाहत बसायचे नाही, हा तिचा नियम. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ती गच्चीवर आठ खुर्च्या मांडी आणि येईल त्याच्यासाठी दीड तास वाजवी. भाषण नाही, शाल नाही, दीपप्रज्वलन नाही. प्रमुख पाहुणा नसलेला मद्रासमधला तो बहुधा एकमेव कार्यक्रम होता. आठव्या खुर्चीवर कोणी नसे. वडील खाली दाराशी बसत, पाठ जिन्याकडे करून.

त्यांचे एक ठरलेले वाक्य होते: "बासरीवर तोडी होत नाही." तोडीतला गांधार स्थिर नसतो, तो हलत ठेवावा लागतो, आणि बासरीच्या भोकावर बोट अर्धेमुर्धे ठेवून तो हलवणे म्हणजे दोरीवर चालणे. एवढे मला तिनेच समजावले. वर्षभर दहा ते एक खाली तोडीच चाले, सुट्टीच्या दिवशी मलाही वर ऐकू येई. बरेच दिवस तो गांधार पडत होता. नंतर पडेनासा झाला, किंवा मला सवय झाली.

डिसेंबर आला, मद्रासचा गाण्याचा हंगाम. मैलापूरच्या एका सभेने तिला दुपारी दीडची वेळ दिली. ही वेळ होतकरू लोकांची असते आणि श्रोते बहुतेक कँटीनमध्ये असतात. नेमका तो रजेचा शेवटचा दिवस होता. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. सकाळी निघताना घरमालकांनी मला फाटकाशी गाठले आणि बंद पाकीट हातात दिले.

"एवढे कच्चेरीत द्या. आजच. विसरू नका."

"नाही विसरणार," मी म्हणालो.

सकाळभर ते पाकीट माझ्या खिशात गरम लागत होते. वर्षभर पाठ फिरवून बसलेला बाप लेकीला कार्यक्रमाच्या दिवशी चिठ्ठी लिहितो. आशीर्वाद असणार. मी तसा सहज गहिवरणारा माणूस नाही, पण बसमध्ये दोनदा खिडकीबाहेर पाहावे लागले. या घरात राहून आता मला भाषा कळू लागली होती, कच्चेरी म्हणजे काय हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

सव्वाला मी मंचामागे जाऊन पाकीट तिला दिले. "अप्पांनी दिलंय," मी म्हणालो.

तिने फोडले, वाचले, आणि माझ्यापुढे धरले. आत टाइप केलेला अर्ज होता. मी, खाली सही करणार, रजा संपल्याने कामावर रुजू होत आहे, आपली आज्ञाधारक. सहीची जागा मोकळी. वर पेन्सिलीत वडिलांचे अक्षर: "आज आवक-शिक्का घेणे. सही उद्या करील."

"सार," ती म्हणाली, "हे त्या कच्चेरीचं आहे."

मी पाकीट चुकीच्या कच्चेरीत आणले होते. "अजून वेळ आहे," मी म्हणालो. "आता निघालो तर चारच्या आत पोचतो. तुम्ही सांगाल तसं."

ती मंचाकडे वळली. मंचावर मृदंगवाला माइकच्या स्टँडशी झटापट करत होता. स्टँडचा एक पाय आखूड होता, त्यामुळे माइक हळूहळू मान टाकी. "असंच चालायचं, अक्का," तो तमिळमध्ये म्हणाला. "दहा वर्षं असंच आहे."

तिने अर्जाची एक घडी घातली, मग दुसरी, मग तिसरी. खाली वाकून ती घडी स्टँडच्या पायाखाली सरकवली आणि बोटाने माइक ढकलून पाहिला.

"आता बसला," ती म्हणाली. "तुम्ही पण बसा, सार."

तिने मुख्य राग म्हणून तोडी घेतला. मला त्यातले फार कळत नाही, म्हणून जे दिसले तेवढेच सांगतो. माझ्या शेजारचे म्हातारे गृहस्थ कँटीनला जायला उठले होते. ते उभेच राहिले, मग पुन्हा बसले. मृदंगाच्या एकट्या वादनाच्या वेळी लोक उठून जातात, तेव्हाही ते गेले नाहीत. शेवटी चिटणीस व्यासपीठावर आले, कला हा यज्ञ आहे वगैरे म्हणाले, आणि तिच्या खांद्यावर शाल घातली.

घरमालक फाटकाशीच उभे होते.

"दिलेत?"

"दिले."

"शिक्का?"

मी सगळे सांगितले. ते फाटकाची कडी हातात धरून ऐकत राहिले.

"मुख्य काय वाजविले?" त्यांनी विचारले.

"तोडी."

"गांधार?"

"पडला नाही."

ते आत गेले. पुढच्या पहिल्या शुक्रवारी आठव्या खुर्चीवर ते बसले होते. राजीनामा तिने कार्यक्रमानंतरच्या सोमवारीच स्वतः नेऊन दिला होता, दोन ओळींचा.

फक्त एक गोष्ट त्यांना सतावत होती. सही नाही, शिक्का नाही, असा सरकारी मजकुराचा कागद बाहेर राहणे हेडक्लार्कच्या मनाला सोसवेना. म्हणून त्यांच्या सांगण्यावरून मी मैलापूरला जाऊन तो परत मागितला. चिटणिसांनी नाही म्हटले. अजून पंधरा दिवस कार्यक्रम होते, आणि तो काढला की माइक हलत होता.