पारस मगदूमचा नवा ड्रायव्हर

पारस मगदूम स्वतःला दूध संघाचा कणा समजायचा, आणि समजू नये तरी का? संघाचा जावा भाषेतला प्रोग्राम एकीकडं, डेटाबेस दुसरीकडं; दोघांची गाठ घालून देणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, जुनाट. नेटची लाइन जरा हलली की हा गडी मान टाकायचा, दूध संकलन अडायचं, टँकर खोळंबायचे आणि फोन पारसला. पारस करायचा काय, तर प्रोग्राम बंद करून चालू! पण चेहरा असा, जणू ऑपरेशन करून बाहेर आलाय.

बायको भाग्यश्री मात्र या कण्याला वैतागली होती. "माझ्या भावाच्या लग्नात फोन वाजला, तर मी परत नांदायला येणार न्हाय, सांगून ठेवते." भाग्यश्री बोलली की बोलली. पारसची तंतरली.

त्यानं ड्रायव्हरची नवी आवृत्ती आणली. तुटलेली जोडणी हा पठ्ठ्या स्वतःच पुन्हा जोडणार, एक सर्व्हर गप्प बसला तर दुसऱ्याकडं जाणार. "आता मी नसलो तरी चालतंय," असं पारसनं ऑफिसभर छाती काढून सांगितलं. फक्त जुन्या ड्रायव्हरची फाइल काढायला हात धजेना. असू दे की, लागंल कवातरी! घरातल्या फुटक्या बादल्याही तो याच न्यायानं ठेवतो.

कोडोलीच्या मंगल कार्यालयात मेव्हण्याच्या लग्नाच्या अक्षता पडायला आणि फोन वाजायला एकच गाठ पडली. संघातला फराज ओरडत होता, "मगदूम सर, समदं थांबलंय!" दोन्ही ड्रायव्हरच्या फाइली शेजारी-शेजारी, आणि प्रोग्रामनं उचलली ती नेमकी जुनी. भाग्यश्रीचे डोळे बघून पारसला घाम फुटला. पण खरं सांगायचं तर आत कुठंतरी गुदगुल्याही झाल्या. अडलं की माझ्यावाचून! लाज वाटली, नाही असं नाही. पण ती नंतर.

"जुनी फाइल काढून टाक, फराज, आन् चालू कर," खांबाआड जाऊन तो म्हणाला. जीव तुटला, पण म्हणाला.

मग फोन गप्प. पंगत बसली तरी गप्पच. न राहवून त्यानंच फराजला लावला.

"नेटची लाइन गेलती की मगाशी," फराज म्हणाला. "नव्या ड्रायव्हरनं आपली आपण जोडून घेतली. कुणाला कळलंबी न्हाय."

पारस ताटासमोर फोनकडं बघत बसला. बेकार झालो की राव, सासरच्या मांडवात! आणि फोन वाजला. नाव न बघताच त्यानं झडप घातली. "हां, बोला! काय थांबलंय?"

"मी थांबलीया," शेजारच्या ताटावरनं भाग्यश्री कानाला फोन लावून म्हणाली. "कवाधरनं. जेवा की आता."