एक वाजताची नावं

कॅरिबियनमधल्या सेंट लुशिया बेटावरच्या सुफ्रिएर गावात दुपारी एक वाजता कुणी मोठ्यानं बोलत नसे. त्या वेळी ग्रेगर पोलियस आपल्या छोट्या रेडिओ केंद्रावरून गेलेल्यांची नावं वाचायचा. आधी मयताचं नाव, मग गावानं ठेवलेलं टोपणनाव, मग मुलं, नातवंडं, परदेशातली भाचरं. एकालाही न गाळता. मार्सेला इपोलितच्या आईचं नावही त्यानंच वाचलं होतं.

मार्सेला आता राजधानीत, फोन-टीव्ही-रेडिओवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी कचेरीत तपासनीस होती. कचेरी म्हणजे तीन माणसं आणि एक कायदा, तोही रेडिओ वेगळा नि फोन वेगळा होता त्या काळातला. आता सगळंच एका तारेतून घरात येतं, पण कायद्याला ते सांगणार कोण?

मार्चमध्ये टोरांटोत बसलेल्या कुणीतरी चालवलेल्या एका पेजनं मा तितीन गेल्याची बातमी टाकली. तितीन म्हणजे बाजारात कसावा कंदाच्या भाकऱ्या विकणारी म्हातारी. अर्ध्या गावानं ती बातमी फोनवर पाहिली. एक वाजता रेडिओ गप्प राहिला तर म्हातारीचा अपमान होईल, असं ग्रेगरला वाटलं. दफनाची व्यवस्था पाहणाऱ्याची चिठ्ठी आल्याशिवाय नाव वाचायचं नाही, हा स्वतःचाच नियम त्यानं तीस वर्षांत पहिल्यांदा मोडला.

मा तितीन ठणठणीत होती. तिच्या बहिणीचा मात्र फोनवर विश्वास नव्हता, रेडिओवर होता. ऐकता ऐकता ती स्वयंपाकघरात कोसळली आणि तिची उजवी बाजू कायमची लुळी पडली.

तक्रार मार्सेलाच्या टेबलावर आली. पेज चालवणारा एका देशात, पेज ज्या कंपनीचं ती दुसऱ्याच देशात. मार्सेलानं कंपनीला तीन पत्रं धाडली. एवढ्याशा बेटाला कोण भीक घालतो? एकाचंही उत्तर आलं नाही. हाताशी सापडण्यासारखा एकटा ग्रेगर होता, कारण लायसन्स फक्त त्याच्याकडे होतं.

सुनावणीला तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला. चूक त्यानं आधीच कबूल केली होती.

"ज्यानं मुळात खोटं पसरवलं, त्याला काय शिक्षा?" त्यानं विचारलं.

"त्याच्यापर्यंत आमचा हात पोचत नाही, काका."

"म्हणजे लायसन्स काढलं हाच माझा गुन्हा. उद्या मीही फोनवर पेज काढतो. मग तू माझं काही वाकडं करू शकणार नाहीस, पोरी."

तिला लाज वाटली. तरी तिनं सही केली, सहा महिने रेडिओ बंद. न्याय कसला, सापडेल त्याची मानगूट धरणं झालं हे.

निकाल गावाला जाहीर करणं बंधनकारक होतं. एरवी अशी सूचना ग्रेगरच वाचायचा, आणि गावचं साप्ताहिक तर कधीच बंद पडलेलं. सगळं गाव फोनवर जिथं असतं तिथंच जाहिरात द्या, असं वरिष्ठांनी सांगितलं. मार्सेलानं सरकारी कार्डावरून त्याच कंपनीला पैसे भरले. या खेपेला उत्तर मिनिटाभरात आलं. कंपनीनं आभार मानले होते आणि पुढच्या जाहिरातीवर सूट देऊ केली होती.