मशीनच्या आडून

महेंद्रकाका गातात, हे त्यांच्या घरच्यांनाही बरीच वर्षं माहीत नव्हतं. दोष घरच्यांचा नाही. काका फक्त कारखान्यात गायचे, तेही मशीन चालू असताना. उल्हासनगर कॅम्प चारमधल्या आमच्या जीन्सच्या कारखान्यात बारा मशीन एकदम धडधडतात. शेजारच्या मशीनवरून मला काकांचे नुसते हलणारे ओठ दिसायचे. मला वाटायचं, शेठला शिव्या देतायत.

मग एका मंगळवारी लाईट गेली. मशीन गप्प झाली, काका झाले नाहीत. भीमगीताची अर्धी ओळ, भरदार आणि सुरात, कारखानाभर फिरली. लक्षात आल्यावर काका मान खाली घालून उगाच सुई तपासायला लागले.

धागे कापणाऱ्या गोजरबाई म्हणाल्या, "हा रेडिओ बिनलाईटचा चालतोय की."

गोजरबाई राहतात अंबरनाथला, काकांच्याच गल्लीत. त्यामुळे संध्याकाळपर्यंत बातमी घरी. काकांच्या मुलीचं, संध्याचं, लग्न महिन्यावर आलेलं.

"पप्पा, लग्नात बुद्धवंदना झाली की तुम्ही गायचं. ऑर्केस्ट्रावाल्याला मी नको सांगितलंय."

"मला कुठे येतं?"

"मग गोजरमावशी खोटं बोलतात?"

गोजरबाईंना खोटं पाडायची काकांची हिंमत नव्हती. शिवाय संध्यानं आजवर कधी हट्ट केला नव्हता, तो नेमका आत्ता केला.

घरी सराव सुरू झाला, म्हणजे काका घसा खाकरायचे, पाणी प्यायचे आणि पंख्याकडे बघत बसायचे. आवाज फुटेना. शेवटी द्रौपदीकाकूंनी रिकामा मिक्सर लावला. काका लगेच गायला लागले. मग रोजचंच झालं.

शेजारीण विचारायची, "काकू, रोज एवढं काय वाटता?"

"यांची लाज. बारीक होत नाहीये अजून."

लग्नाला चार दिवस राहिले आणि मिक्सर जळाला.

बदलापूरच्या हॉलमध्ये वंदना झाली. काका माईकसमोर उभे राहिले, दोनशे माणसांकडे पाहून पुन्हा पंखा शोधायला लागले. मग हळूच म्हणाले, "एक खुर्ची मिळेल का?"

खुर्ची आली. काका बसले, पाठ वाकवली, उजवा पाय मशीनच्या पायडलवर ठेवावा तसा पुढे सरकवला. लोक त्यांचा चेहरा बघत होते, मी बूट बघत होतो. बुटाचं टोक सतरंजीवर दाबलं गेलं आणि गाणं सुरू झालं. पहिली ओळ कापरी निघाली. दुसरीला पायाचा जोर वाढला, आवाज मोकळा झाला. संध्या हार सांभाळत बापाकडे असं बघत होती, जणू पाहुण्यांत हा कोण नवीन आलाय.

तिसऱ्या कडव्याला पाय थांबला. पण काका थांबले नाहीत. पाय नुसताच सतरंजीवर पडून राहिला आणि आवाज वर वर गेला.

गाणं संपलं, टाळ्याही संपल्या, तरी काका खुर्ची सोडेनात.

गोजरबाई पुढच्या रांगेतून म्हणाल्या, "झालं असेल तर धागा कापू का, महेंद्रभाऊ?"

"थांबा बाई," काका माईकवरच बोलले, "अजून एक गाणं शिवायचंय."