क्लिफर्डने मारलेली गाठ

क्लिफर्ड बूथला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनात म्हटलं, हा माणूस माझी बोट बुडवणार. पायात पॉलिश केलेले बूट, हातात घरून करून आणलेली यादी, आणि मी तोंड उघडायच्या आधीच मान डोलावणं सुरू. इंग्लंडातल्या स्टोक शहराच्या खालच्या अंगाला या कालव्यावर मी तीस वर्षं बोटी भाड्याने देतेय. माझा बाप याच पाण्यावर कोळसा वाहायचा. असली यादीवाली माणसं माझ्या डोक्यात जातात.

छत्तीस वर्षं पोस्टमन होता. सगळी पायपीट कालव्याकाठच्या घरांतून, पण बोटीत पाय ठेवला नव्हता कधी. बायको हेझल कारखान्यात कपबशांच्या काठावर फुलं रंगवायची. दोघांची ही पहिलीच सफर. आमच्याकडे नवरा सुकाणू धरून राजासारखा उभा राहतो आणि बायको बिचारी प्रत्येक लॉकला, म्हणजे बोट वर-खाली नेणाऱ्या दोन दारांच्या हौदाला, हँडल घेऊन उतरते, झडपा फिरवते, दारं ढकलते. या पठ्ठ्याने उलटं ठरवलं होतं. मी टोमणा मारला, बायकोला कप्तान केलंस वाटतं. तर म्हणाला, ती आहेच, मी आपला हमाल.

हेझल आत कपाटातले कप न्याहाळत होती तेव्हा त्याने मला बाजूला घेतलं. तिला दोन वर्षांपासून विसरायला होत होतं. मुलगी लिनेटने वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली होती. याने तिच्याकडून एक आठवडा मागून घेतला होता. आईने आठवडाभर खरं काम करून दाखवलं, काही विपरीत घडलं नाही, तर ती घरीच राहील, असं ठरलं होतं.

"म्हणून सुकाणू तिच्याकडे," तो म्हणाला. "हात अजून पक्का आहे तिचा. लिनेटला तेवढंच दाखवायचंय."

खरं तर मी तिथेच नाही म्हणायला हवं होतं. पण पहिल्या लॉकपर्यंत त्यांच्याबरोबर गेले आणि बघतच राहिले. सत्तर वर्षांची ती बाई, पंधरा-सोळा मीटरची बोट, दोन्हीकडे जेमतेम वीतभर जागा, पण तिने ती भिंतीला घासूसुद्धा दिली नाही. लॉकचं पाणी उतरतं तेव्हा बोट मागे सरकून चालत नाही, मागच्या दाराखाली दगडी उंबरा असतो, त्यावर बूड अडकलं की पुढचं टोक पाण्यात जातं. भिंतीवर पांढरी रेघ असते, तिच्या पुढे राहायचं. हेझल बरोब्बर पुढे राहिली. आणि दोराचं मी क्लिफर्डला तीनदा बजावलं. दोर काठावरच्या खुंटाला नुसता वेढायचा, टोक हातात ठेवायचं, पाणी उतरेल तसं सोडत जायचं. गाठ मारायची नाही. बोट खाली जाते, दोर जात नाही. त्याने ते यादीत लिहूनही घेतलं.

तीन दिवस रोज दुपारी त्याचा फोन यायचा. आज सात लॉक. आज हेझलने बदकांच्या पिल्लांसाठी बोट थांबवली. आज ओटच्या पोळ्यांवर चीज घालून तिने स्वतः भाजल्या. शेवटी हळूच म्हणायचा, आज एकदाही मला माझं नाव विचारलं नाही तिने.

चौथ्या दिवशी फोन दुसऱ्याच कुणाचा आला, कुत्रा फिरवायला आलेल्या बाईचा. मी गाडी काढली. पोचले तेव्हा बोट लॉकच्या तळाच्या पाण्यावर तरंगत होती, आत कपबशांचा चुरा, आणि हेझल काठावर बसलेली, उजवं मनगट टॉवेलात गुंडाळलेलं. मागचा दोर तुटला होता. त्याचा उरलेला तुकडा खुंटाला तसाच होता, पक्की दुहेरी गाठ मारलेला. पाणी उतरलं, बोट त्या दोरावर लटकली, कलली, दोर तुटला आणि बोट आदळली. सुकाणूने हेझलला भिरकावलं.

मी क्लिफर्डकडे बघितलं. तो म्हणाला, सकाळी हेझलने त्याला विचारलं होतं की ही बोट कुणाची. मग तो घाबरला. ती रेघ विसरेल, मागे जाईल, म्हणून झडपा उघडायला जाण्याआधी त्याने बोट बांधून टाकली. तिच्या हातून काहीच चुकलं नव्हतं. मी हेझलला उठवून गाडीत बसवलं. एरवी मी त्याची सालटी काढली असती.

मनगटाला प्लास्टर घालून आणलं, तोवर लिनेट माझ्या ऑफिसात येऊन बसली होती. वाईट मुलगी नाही ती. रडून डोळे सुजले होते तिचे. क्लिफर्डने आल्याआल्या सांगून टाकलं, गाठ मी मारली. मीही म्हटलं, त्यानेच मारली.

"तुम्ही तिथे होता का?" तिने मला विचारलं. मी नव्हते. मग ती बापाकडे वळली. गॅस उघडा राहिला तेव्हा म्हणालात, मी विसरलो. आई बाजारात हरवली तेव्हा म्हणालात, मीच तिला तिथे थांबवलं होतं. बाबा, शेजाऱ्यांनी मला सगळं सांगितलंय. बरं, मारलीत गाठ, तर का मारलीत? लॉकवरच्या बोर्डावर लिहिलंय, तुमच्या यादीत लिहिलंय, मग का?

 हेझल समोरच बसली होती, डाव्या हाताने चहा पीत. तिच्यासमोर क्लिफर्ड ते कसं सांगणार?

"गाठ कुणी मारली ते मला आठवत नाही," हेझल म्हणाली. "म्हणजे मीच मारली असणार."

"नाही गं राणी." क्लिफर्ड तिच्याकडे वळला. "मी मारली. तुझा भरवसा वाटला नाही मला, म्हणून मारली. तू नीट चालवत होतीस."

लिनेटने मान खाली घातली. हेझलने कप ठेवला, नवऱ्याच्या गालावरून हात फिरवला. त्याचा एक शब्दही तिला खरा वाटला नव्हता.

"किती खोटं बोलशील रे माझ्यासाठी," ती म्हणाली. "दमलास बघ." मग लेकीला म्हणाली, "माझी बॅग भर तू. मी जाते तिकडे राहायला."

क्लिफर्डने तिचा कप पुन्हा चहाने भरला. लिनेट गाडी काढून बोटीवरची बॅग आणायला गेली.