तीन काय?

आमच्या गणिताच्या बाईंनी वर्गात "काय?" असं विचारलं, की तिकडे बेटेगावात म्हशी दूध चोरायच्या आणि पालघर स्टेशनात उभी मालगाडी दोन डबे मागे सरायची. खोटं वाटत असेल तर त्या काळच्या कुणालाही विचारा. आता त्यातलं फारसं कुणी उरलेलं नाही, हे माझ्या सोयीचंच आहे.

बाई चणीनं एवढ्याशा, की फळ्याचा वरचा अर्धा भाग त्यांनी जन्मात वापरला नाही. रोज पालघरहून गाडीनं बोईसरला शिकवायला यायच्या. आम्ही म्हणायचं, "बाई, उत्तर पंचवीस." बाई म्हणायच्या, "पंचवीस काय? बैल, बोंबील की बादल्या?" आकड्यापुढं एकक लिहिलं नाही, तर उत्तर कितीही बरोबर असो, गुणांच्या जागी भोपळा.

आणि काळ तरी कसला! शेर जाऊन किलो आला होता, मैल जाऊन किलोमीटर येत होता. बाजारात एकाच टोपलीला तीन बायका तीन मापं लावायच्या आणि तिघीही शपथेवर खऱ्या. तारापूरच्या किनाऱ्यावर अणुवीजघराचं बांधकाम निघालं होतं. तिथले परदेशी साहेब फुटांत बोलायचे, आपले इंजिनिअर मीटरांत, आणि दोघांच्या मध्ये उभा असलेला मुकादम देवाचं नाव घ्यायचा.

मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात, तारापूरकडची कोळ्याची पोर. मला कॉलेजात जायचं होतं, तेही विज्ञानाला. बाबांनी निकाल आधीच लावून ठेवला होता, "यंदा पास झालीस त शीक. नाय त सुकवायला ये, बोंबील तुजी वाट बघतान."

बोर्डाच्या परीक्षेआधी शाळा स्वतःची परीक्षा घ्यायची. तिच्यात नापास झालेल्याला बोर्डाला बसू देत नसत. गणिताच्या पेपरात माझी सगळी उत्तरं बरोबर आली आणि मी दणकून नापास झाले. टाकी किती वेळात भरेल? मी लिहिलं होतं, तीन. शेजारी लाल शाईत बाईंचं अक्षर, "तीन काय? तास की पिढ्या?"

दुसऱ्या दिवशी बाबा शाळेत आले. आले कसले, तुफानच आलं. ते वाटेवरच्या पाम गावातून निघाले तेव्हाच त्यांची धूळ आमच्या खिडकीतून दिसत होती.

"बाई, माज्या पोरीचा उत्तर बरोबर हाय का नाय?"

"बरोबर आहे."

"मंग भोपला कशाला?"

बाई जागच्या हलल्या नाहीत. "दादा, तुमची बोट खाडीत शिरते तिथं पाणी किती?"

"दोन."

"दोन काय?"

"दोन काय म्हंजे? वाव!" वाव कसा, तर दोन्ही हात ताणून पसरावेत तेवढा. बाबांनी ते वर्गातच पसरले आणि पहिल्या बाकावरच्या चौघांना जमिनीवर लोळवलं. "दोन फूट सांगितला त बोट रुतंल ना, बाई!"

"मग तुमच्या मुलीची बोट रुतलीय, दादा."

बाबांचे हात हवेत तसेच राहिले.

बाईंचा आवाज खाली आला. त्यांचा आवाज खाली येऊ शकतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. "मी गुण वाढवले तर ही आज घरी नाचत जाईल. पण कॉलेजात हिला थेंब की चमचा, हे कोण विचारणार? उद्या ही तारापूरच्या कामावर लागली आणि हिनं नुसतं 'तीन' सांगितलं, तर साहेब फूट धरेल आणि आपला माणूस मीटर. शाळेची पायरी कॉलेजच्या पायरीला लागायला हवी, दादा. मध्ये खड्डा ठेवून मी पोरांना पुढं ढकलत नाही."

"मंग पास करा न् शिकवा."

"आधी शिकवते. मग ती होईल पास. फेरपरीक्षा घेईन, पण रेघ खाली आणणार नाही."

आणि शिकवलं हो! रोज शाळा सुटल्यावर स्वतःची गाडी चुकवून शिकवलं. इकडे घरात राहणं कठीण झालं, कारण बाबांना तो "काय?" डसला होता. आईनं विचारलं, "अजून दोन वाढू?" बाबा म्हणाले, "दोन काय?" आई म्हणाली, "रट्टे!"

फेरपरीक्षेच्या निकालाला बाबा वर्गाच्या दाराशी उभे. बाई पेपर घेऊन आल्या, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "एकाहत्तर."

"एकाहत्तर काय?" बाबांनी विचारलं.

एवढी वर्षं त्या प्रश्नानं लोकांना लोळवणाऱ्या आमच्या बाई तिथंच थबकल्या. मग त्यांना असं हसू फुटलं, की चष्मा सांभाळावा लागला. "गुण, दादा. शंभरपैकी."

"मंग तसा पुरता सांगा ना, बाई!"

पुढं मी मॅट्रिक झाले आणि मुंबईला कॉलेजात पोहोचले. प्रयोगशाळेतला पहिला दिवस. इस्त्रीच्या कपड्यांतली शहरी पोरं, आणि माझ्या वेणीला अजून खारा वास. सरांनी एकाला भांड्यातल्या पाण्याचं तापमान विचारलं. तो ऐटीत म्हणाला, "पंच्याण्णव."

माझी काही तोंड उघडायची छाती नव्हती. पण मागच्या टेबलावरून आवाज निघाला, आणि तो माझाच होता, "पंच्याण्णव काय?" सेल्सियस की फॅरनहाइट, ते त्या पोराला सांगता येईना. सर माझ्याकडे वळले. म्हणाले, "पुढे ये. हे मी वर्षभर शिकवणार होतो."

त्या टेबलापर्यंत जाताना मला कुठंही खड्डा लागला नाही. आणि माझा तो आवाज ज्या ताकदीनं निघाला होता, ते पाहता पालघर स्टेशनात त्या दिवशीही एखादी मालगाडी मागे सरली असणार. दोन. दोन डबे.